खाऱ्या पाण्यातला शेजार

काळंभोर अंग, त्यावर तीन पांढरे ठिपके, आणि आकार अंगठ्याच्या नखाएवढा. "डोमिनो आहे, मरत नाही. नवीन टाकीला हाच घ्या," असं म्हणत दुकानदाराने तो पिशवीत घालून दिला आणि मी तो माझ्या पहिल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सोडला. तो खरोखरच मेला नाही. काही महिन्यांत तो चांगला दोन बोटं लांब झाला आणि अख्खी टाकी त्याच्या मालकीची झाली. नंतर आणलेली क्लाउनफिशची जोडी हीटरच्या मागे, पाण्याच्या पृष्ठभागालगत, कोपऱ्यात तिरकी होऊन थांबायची. शेपटीच्या कडा झालरीसारख्या फाटलेल्या, कल्ले भरभर हलतायत. खाणं टाकलं तरी बाहेर यायची नाही. आठ दिवसांत दोघंही गेले. मी पाणी तपासलं, पुन्हा तपासलं. अमोनिया शून्य, क्षारता बरोबर, तापमान बरोबर. पाण्यात काहीच खोट नव्हती. त्या दोघांना शेजारी चुकीचा मिळाला होता आणि तो मीच निवडला होता.

खाऱ्या पाण्याची टाकी लावणारा माणूस सगळं लक्ष पाण्यावर देतो, आणि ते द्यायलाच हवं. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षारांचं मिश्रण, २५-२६ अंश तापमान, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजेपर्यंत महिना-दीड महिना धीर धरणं, हे सगळं दुकानदार सांगतो, पुस्तकंही सांगतात. कोणता मासा कुणाच्या शेजारी नांदेल, हे मात्र विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि विचारायचं असतं हे नवख्याला ठाऊक नसतं, कारण त्याची सवय गोड्या पाण्याची असते. गप्पी, मोली, टेट्रा एकत्र सोडले की बहुतेक वेळा निभावून जातं. त्यातले बरेच मासे थव्याने राहणारे आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या हौदांत वाढलेले असतात.

प्रवाळात वाढलेल्या माशाचं तसं नाही. प्रवाळभिंत म्हणजे दाटीवाटीची जुनी चाळ. प्रत्येक खोलीला भाडेकरू आहे, जिन्याखालची जागासुद्धा कुणाची तरी आहे. खोबण मिळाली नाही तर रात्री शिकाऱ्याच्या पोटात जावं लागतं, म्हणून मिळालेली खोबण जिवावर उदार होऊन राखावी लागते. डॅमसेल कुळातल्या काही जाती तर चक्क शेती करतात. खडकावरचा शेवाळाचा एक तुकडा आपला मानतात, नको असलेलं शेवाळ उपटून टाकतात आणि चरायला आलेल्या दसपट मोठ्या माशावरही धावून जातात. पाणबुड्याच्या बोटाला चावायलाही कमी करत नाहीत. माझा डोमिनो याच डॅमसेल कुळातला. शेती त्याची नव्हती, पण जागा राखण्याचा स्वभाव तोच. माझ्या टाकीत तो पहिला आला होता, म्हणून अख्खी टाकी त्याची होती.

समुद्रातही ही भांडणं रोज होतात. फरक एवढाच की तिथे हरलेला मासा दोन-तीन मीटर दूर गेला की जिंकलेला पाठलाग सोडतो आणि प्रकरण मिटतं. घरातल्या टाकीत दोन-तीन मीटर दूर जाताच येत नाही. हरलेला पळतो, काचेवर आपटतो, वळतो आणि पुन्हा त्याच जागामालकासमोर येतो. मालकाच्या नजरेत तो हरूनही न हटणारा, म्हणजे चिथावणी देणारा ठरतो. तीस सेकंदांत मिटणारं भांडण अशा रीतीने चार-पाच दिवस चालतं आणि दुबळा मासा जखमांपेक्षा उपासमारीने आणि धास्तीने मरतो. धास्तावलेल्या माशाची प्रतिकारशक्ती ढासळते आणि मग अंगावर मिठाच्या खड्यांसारखे पांढरे ठिपके उठवणारा क्रिप्टोकॅरियॉन हा परजीवी सगळ्यात आधी त्यालाच गाठतो. आपण म्हणतो, रोगाने गेला.

मग कोण कुणाशी भांडतं? याचं एक जुनं आणि अजूनही उपयोगी पडणारं उत्तर ऑस्ट्रियाचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी दिलं. १९७३ साली नोबेल मिळवणाऱ्या लॉरेन्झ यांनी आक्रमकतेवर १९६३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकाची सुरुवातच प्रवाळातल्या माशांपासून केली आहे. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर पोहताना आणि टाक्यांमधले मासे पाहताना त्यांच्या लक्षात आलं की हे भडक रंगांचे मासे परक्या जातीच्या माशाकडे बहुधा काणाडोळा करतात, पण आपल्याच जातीचा दिसला की तुटून पडतात. भडक रंग म्हणजे 'ही जागा घेतली आहे' अशी आपल्या जातभाईंसाठी लावलेली पाटी, असा त्यांचा तर्क होता. रंगांबद्दलचा हा तर्क सगळ्या माशांना लागू पडत नाही. जातभाईंच्या वैराबद्दलचं निरीक्षण मात्र टाकी ठेवणाऱ्या कुणालाही रोज पडताळता येतं. कारणही साधं आहे. जातभाईला तीच खोबण हवी असते, तेच अन्न आणि तीच मादी. परका मासा स्पर्धक नसतो, तो नुसता वाटसरू असतो.

यातून मासे निवडण्याची पहिली रीत निघते. थव्याने राहणारे आणि जोडीने राहणारे सोडले तर एका जातीचा एकच मासा घ्यायचा. आणि जात वेगळी असली तरी अंगलट, रंग आणि राहणी सारखी असेल तर तीही जोडी टाळायची, कारण मासा पुस्तकातलं नाव वाचत नाही, समोरचं रूप बघतो. दोन टँग एकत्र नकोत, दोन बटू एंजलफिश नकोत. रॉयल ग्रामा आणि बायकलर डॉटीबॅक हे यातलं सगळ्यात फसवं उदाहरण. दोघेही पुढून जांभळे, मागून पिवळे, दोघेही तर्जनीएवढे, दोघेही खडकाच्या कपारीत राहणारे. नीट पाहिलं तर ग्रामाचा जांभळा रंग पिवळ्यात हळूहळू मिसळत जातो आणि पाठीवरच्या परावर पुढच्या बाजूला एक काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे दोन रंग सुरीने कापल्यासारखे वेगळे असतात. कॅरिबियन समुद्रातला ग्रामा आपल्या कपारीपुरतं पाहणारा, सहसा कुणाच्या वाटेला न जाणारा. डॉटीबॅक मात्र लहान टाकीत सगळ्यांना सळो की पळो करून सोडतो. शिवाय तो बऱ्याचदा स्वस्त मिळतो, त्यामुळे ग्रामा म्हणून घरी येणाऱ्यांत डॉटीबॅक निघण्याचे प्रसंग घडतात. दुकानात टाकीजवळ वाकून तो काळा ठिपका शोधा.

आता क्लाउनफिश. 'फाइंडिंग निमो' हा चित्रपट २००३ मध्ये आला तेव्हापासून जगभरच्या दुकानांत मुलं या माशाला निमो म्हणूनच हाक मारतात आणि खाऱ्या पाण्याची बहुतेक घरगुती टाकी त्याच्यापासूनच सुरू होते. निवड चांगली आहे. मादीसुद्धा आठ-नऊ सेंटिमीटरच्या पलीकडे फारशी जात नाही, खाण्याची कटकट नाही, समुद्रफुलाशिवायही तो आनंदाने राहतो. (समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, नवख्याने घेऊच नये. त्याला तीव्र प्रकाश लागतो, ते जागा बदलत फिरतं आणि पाणी फिरवणाऱ्या पंपात अडकून फाटलं तर एका रात्रीत अख्खी टाकी नासवतं.) पण किती क्लाउनफिश घ्यायचे, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या घरातल्या अजब व्यवस्थेत आहे.

समुद्रात एका समुद्रफुलात एक कुटुंब राहतं. सगळ्यात मोठी असते ती मादी, तिच्याहून लहान तो तिचा नर, आणि त्याखाली उतरत्या उंचीची दोन-चार लहान पोरं, जी बहुधा या जोडप्याची नसतातच. सगळे क्लाउनफिश आधी नर म्हणून वाढतात. मादी मेली की नर स्वतः मादी होतो आणि रांगेतला पुढचा मासा नर म्हणून बढती घेतो. फ्रिके दांपत्याने हे लिंगबदलाचं गणित १९७७ मध्ये 'नेचर' नियतकालिकात मांडलं. त्याहून चकित करणारी गोष्ट २००३ मध्ये त्याच नियतकालिकात पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या क्लाउनफिशबद्दल लिहिली. रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ अशी रोखून धरतो की वरच्यापेक्षा तो नेहमी ठरावीक अंतराने लहान राहावा. जो मर्यादा ओलांडतो, तो वरच्याला धोका वाटतो आणि त्याला घराबाहेर हाकललं जातं. समुद्रात घराबाहेर म्हणजे मृत्यू.

हे कळलं की दुकानात काय करायचं तेही कळतं. एकाच जातीचे दोन लहान मासे घ्यायचे, एक दिसायला मोठा, एक लहान. मोठा मादी होईल, लहान नर राहील. आरंभी मोठी लहानाला टोचेल आणि लहान अंग थरथरवत आडवा होईल. ती मारामारी नाही, 'तू मोठी' हे मान्य करण्याची त्याची रीत आहे. दोन समान आकाराचे प्रौढ मासे घेतले तर दोघेही माद्या असू शकतात आणि मग त्यांच्यात तडजोड होत नाही. तिसरा क्लाउनफिश कधीच नको. जोडी जमली की तिसऱ्याला रांगेत जागा नसते आणि टाकीतून त्याला जाताही येत नाही. क्लाउनफिशच्या दोन वेगळ्या जातीही एकत्र नकोत. मरून क्लाउन ही जात तर एकटीच ठेवावी, ती घरात दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नाही.

तोंडाचा आकार हा दुसरा मुद्दा, आणि त्यात फार बोलण्यासारखं काही नाही. लायनफिश, हेकरू जातीचे मासे, मोठे ट्रिगरफिश, केंड यांच्या तोंडात जे मावतं ते अन्न. लायनफिश दिवसभर खडकाला टेकून शांत बसतो, म्हणून तो शांत स्वभावाचा वाटतो. सकाळी दोन मासे कमी भरतात तेव्हा उलगडा होतो. क्लाउन ट्रिगरफिश दुकानात पाच सेंटिमीटरचा, ठिपक्याठिपक्यांचा, अतिशय देखणा दिसतो. तो ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि कोळंबी, खेकडे, शंख यांतलं काही शिल्लक ठेवत नाही. दुकानातला मासा बहुतेक वेळा पिल्लूच असतो, तेव्हा निवड करताना त्याची पूर्ण वाढ डोळ्यांसमोर हवी.

निमोबरोबर मुलं हटकून मागतात ती डोरी, म्हणजे निळा टँग. चित्रपटातली ही दोस्ती चार फुटी टाकीत टिकत नाही. दोष स्वभावाचा नाही, अंगमापाचा आहे. निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर लांबच लांब पोहतो. सहा फुटांहून कमी लांबीची टाकी त्याच्यासाठी अपुरी असल्याचं अनुभवी मंडळी सांगतात. कोंडलेला टँग चिडका होतो आणि त्याच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा धारदार काटा असतो. या कुळाला सर्जनफिश म्हणतात ते यामुळेच. एका फटक्यात शेजाऱ्याची बरगडी उघडी पडते.

खाण्याच्या बाबतीतली गैरसोय डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती जास्त घातक. मँडरिन हा मासा पाहून कुणीही थबकावं इतका सुंदर. निळ्या अंगावर नारिंगी वेलबुट्टी, एखाद्या पैठणीच्या पदरासारखी. तो कुणाशी भांडत नाही. पण खडकावर रांगणारे तिळाहूनही बारीक कोपेपॉड तो दिवसभर एकेक करून टिपत असतो आणि बहुतेक मँडरिन वाळलेल्या दाण्यांना तोंडही लावत नाहीत. नव्या टाकीत हे जीव नसतात, असले तरी दोन-तीन आठवड्यांत संपतात. त्याच टाकीत सिक्सलाइन रास असेल तर तोही तेच जीव टिपतो, आणि मँडरिनपेक्षा दुप्पट चपळाईने. दोघांत एकही चकमक होत नाही, तरी मँडरिन मरतो. महिन्याभरात त्याचं पोट खपाटीला जातं आणि मग काही करता येत नाही. किमान वर्षभर जुनी, भरपूर खडक असलेली टाकी नसेल तर मँडरिनचा मोह टाळावा. प्रवाळ खाणारे बरेचसे फुलपाखरू मासे आणि इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगणारा क्लीनर रास यांची गतही घरगुती टाकीत हीच होते.

इतका वेळ नको-नकोचं बोललो. आता एका अशा शेजाराबद्दल सांगतो, ज्याच्यासाठी मी अजूनही टाकीसमोर खुर्ची ओढून बसतो. पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण खणण्यात ती तरबेज. खडकाखाली ती वाळूत बीळ करते आणि दिवसभर बुलडोझरसारखी वाळूचे कण बाहेर ढकलत असते. गोबीला नजर आहे, बीळ खणता येत नाही. तो बिळाच्या तोंडाशी पहारेकरी होऊन बसतो. कोळंबी बाहेर आली की तिची एक लांब मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते, आंधळ्याने सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवावा तशी. धोका दिसला की गोबी शेपटी किंचित थरथरवतो आणि कोळंबी उलट्या पावली आत. धोका वाढला तर गोबीही डोकं खाली करून तिच्या मागोमाग. समुद्रातून वेगवेगळे पकडलेले, वेगवेगळ्या पिशव्यांतून आणलेले हे दोघे टाकीत एकमेकांना शोधून काढतात. माझ्याकडे त्यांना दोन दिवस लागले. त्यासाठी टाकीत तळाशी दोन-अडीच इंच वाळू हवी आणि खडक वाळूवर न ठेवता आधी थेट काचेवर पक्के बसवून मग वाळू भरायला हवी. नाहीतर बीळ खणताना खडक कोसळून दोघेही चेंगरतात.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत साधारण २५० लिटर पाणी मावतं. खडक-वाळू घातली की प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. अशा टाकीत मी क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक गोबी आणि त्याची कोळंबी, आणि एखादा फायरफिश एवढेच ठेवीन. प्रत्येकाचा मजला वेगळा आहे. गोबी वाळूवर, ग्रामा कपारीत, क्लाउनफिश आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात, फायरफिश मधल्या पाण्यात. फायरफिश बुजरा आहे आणि दचकला की उडी मारतो, म्हणून वर बारीक जाळीचं झाकण लागतंच. खारं पाणी गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू धरतं आणि पाणी जितकं गरम तितका तो आणखी कमी होतो. मुंबई-ठाण्यातला मे महिना आणि मध्येच जाणारी वीज लक्षात घेतली तर चिलर आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप या चैनीच्या वस्तू उरत नाहीत. माशांची संख्या कमी ठेवणं हे त्याहून स्वस्त आणि खात्रीचं.

कोण आधी सोडायचा, यावर अर्धं यश अवलंबून आहे. सगळ्यात बुजरा पहिला, सगळ्यात दांडगा शेवटी. म्हणजे वरच्या यादीत फायरफिश आणि गोबी आधी, मग ग्रामा, आणि क्लाउनफिश सर्वांत शेवटी. दोन नव्या माशांमध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. नवीन मासा आधी वेगळ्या छोट्या टाकीत महिनाभर ठेवून रोग नाही याची खात्री करावी. सोडताना दिवे मालवावेत आणि जुन्या मंडळींना आधी पोटभर खायला घालावं. एखादा जुना फारच दादागिरी करत असेल तर खडकांची मांडणी बदलावी. हद्दीच्या खुणा पुसल्या गेल्या की सगळे एकाच वेळी नवखे होतात. काचेला बाहेरून आरसा टेकवला तर जागामालक काही तास आपल्याच प्रतिबिंबाशी भांडत बसतो आणि नव्याला तेवढी उसंत मिळते. तेही नाही जमलं तर दांडग्याला आठवडाभर टाकीतच जाळीच्या डब्यात ठेवावं. माझ्या डोमिनोच्या बाबतीत यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. शेवटी सगळे खडक बाहेर काढून त्याला पकडावं लागलं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार हलक्यात घेतली जाते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांचा समावेश झाला. म्हणजे आपल्या समुद्रातलं प्रवाळ, जिवंत असो वा सांगाडा, आणि समुद्रघोडा घरी बाळगणं हा गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळ आणि विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँकेवर आपलं स्वतःचं प्रवाळ आहे. ते तिथेच राहायला हवं. टाकीसाठी चुन्याचे किंवा सिरॅमिकचे घडवलेले खडक मिळतात, त्यांत जिवाणू तितक्याच चांगले रुजतात.

गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे पैदास केंद्रांतून येतात, तर समुद्री मासे अजूनही बव्हंशी समुद्रातून पकडले जातात. त्यांना गुंगी आणण्यासाठी सायनाइड फवारण्याची पद्धत फिलिपीन्समध्ये १९६०च्या दशकात सुरू झाली आणि पुढे इंडोनेशियातही पसरली. त्यात मासा पकडला जातो आणि भोवतालचं प्रवाळ मरतं. क्लाउनफिशच्या बाबतीत तरी आपल्याला पर्याय आहे. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या आणि डॅमसेलच्या अनेक जातींची पैदास करण्याचं तंत्र भारतातच बसवलं आहे. निळ्या टँगची पैदास २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात साधली. हौदात वाढलेला मासा थोडा महाग पडतो, पण तो दाणे खायला शिकलेला असतो, रोगराई कमी आणतो आणि स्वभावानेही बहुधा मवाळ असतो.

क्रॉफर्ड मार्केटला जा, कुर्ल्याला जा किंवा तुमच्या गावातल्या दुकानात जा, पहिल्या फेरीत पाकीट घरी ठेवा. आवडलेल्या माशाचं नाव लिहून आणा, तो किती वाढतो, काय खातो आणि कुणाचा शेजार सोसतो हे घरी बसून वाचा. दुसऱ्या फेरीत दुकानदाराला तो मासा हौदात वाढलेला आहे की समुद्रातला, हे विचारा आणि तुमच्या डोळ्यांसमोर त्याला खायला घालायला सांगा. जो खात नाही तो कितीही सुंदर असला तरी घेऊ नका.